टॅबलेट की चिंचोके? साडेतीन-चार वर्षांच्या मुलासाठी काय निवडावं

मूल साडेतीन-चार वर्षांचं झालं की घरात हा विषय निघतोच. वाढदिवसाला शिकण्याची ॲप्स घातलेला टॅबलेट घ्यावा, की ठोकळे, कोडी, माती अशा हाताने खेळायच्या वस्तू? माझं मत आधीच सांगते: या वयात मुलासाठी वेगळा टॅबलेट घेऊ नका. पण स्क्रीन सरसकट वाईट, असंही मला म्हणायचं नाही. मूल नेमकं काय शिकतंय यावर ते ठरतं.

मोजण्यापासून सुरुवात करू. माझी भाची चार वर्षांची असताना टॅबलेटवर सफरचंदं मोजायची. पाच सफरचंदं टोपलीत पडली की टाळ्या वाजायच्या, आणि ती एकदाही चुकत नसे. एका रात्री पानं घेताना मी म्हटलं, "पाच चमचे आण गं." तिने मूठभर चमचे आणले. मोजायला सांगितलं तर वीसपर्यंत धडाधड म्हणून मोकळी झाली. चमचे होते सात. मग लक्षात आलं, ॲपमध्ये पाचवं सफरचंद पडलं की खेळ आपोआप थांबायचा. कुठे थांबायचं हे तिला कधी ठरवावंच लागलं नव्हतं. पुढे रोज चमचे, वाट्या, चिंचोके मोजणं सुरू झालं. काही दिवसांनी एका संध्याकाळी तिने आणलेल्या पाचांतला एक चमचा स्वतःहून परत ठेवला आणि म्हणाली, "मावशी, आज बाबा नाहीयेत ना!" तिला पाच कळले ते त्या दिवशी.

अक्षरांचंही तसंच. काचेवर बोट नुसतं सरकतं, आणि रेघ वाकडी गेली तरी बरीच ॲप्स ती सरळ करून दाखवतात. ताटात रवा पसरून 'ळ' काढताना बोटाला रव्याचा अडथळा लागतो, वळण हाताला कळतं, चुकलेलं डोळ्यांसमोर राहतं. ताट हलवलं की पाटी कोरी. माँटेसरी पद्धतीतली खरखरीत कागदाची अक्षरं याचसाठी असतात. त्याच पद्धतीतला गुलाबी मनोराही पाहा: एकावर एक रचायचे दहा घन, सगळ्यांत लहान १ सेंटीमीटरचा, सगळ्यांत मोठा १० सेंटीमीटरचा. क्रम चुकला तर मनोराच ते दाखवतो, टाळ्यांची गरज पडत नाही. हे साहित्य महाग वाटलं तर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ आठवा. बोर्डी-कोसबाडच्या बालवाड्यांत त्यांनी बिया, पानं, शंख-शिंपले अशा परिसरातल्या वस्तूंतून मुलांना शिकवलं. तयार संचच हवा असेल, तर ३ ते ८ वयोगटासाठी २०२३ मध्ये आलेला 'जादुई पिटारा' बघा. त्यात खेळणी, कोडी, बाहुल्या, गोष्टींची कार्डं आहेत.

मग स्क्रीन कुठे सरस? गोष्टींत. घरात मराठी पुस्तकं कमी असतील, विशेषतः बंगळुरूत किंवा परदेशात राहत असाल, तर 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर मराठी चित्रकथा फुकट मिळतात. मुलाला मांडीवर घेऊन त्या तुम्हीच वाचायच्या. आणि आजीचा व्हिडिओ कॉल! समोर खरी आजी असते, ती मुलाच्या बोलण्याला उत्तर देते. हा फरक मोठा आहे. पॅट्रिशिया कूल यांच्या २००३ मधल्या प्रयोगात नऊ-दहा महिन्यांच्या अमेरिकन बाळांशी काही जण समोर बसून चिनी भाषेत बोलले, खेळले. त्या बाळांना चिनी ध्वनींतला फरक ओळखता येऊ लागला. तेच बोलणं टीव्हीवर दाखवलेल्या बाळांत मात्र काहीच शिकणं दिसलं नाही.

कोडिंगच्या जाहिरातींनी घाबरून जाऊ नका. 'स्क्रॅचज्युनियर' हे मोफत ॲप ५ ते ७ वर्षांच्या मुलांसाठीच बनवलंय, वाचता न येणाऱ्यालाही ते जमतं, आणि ते खरंच चांगलं आहे. पण त्याआधी घरातल्या फरश्यांवर "दोन फरश्या पुढे, मग उजवीकडे वळ" असा खेळ खेळा. तुम्ही रोबो, हुकूम मुलाचे. सूचना चुकली की तुम्ही सोफ्याला धडकाल आणि मूल हसत हसत ती दुरुस्त करेल.

वेळेबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्पष्ट सांगितलंय: दोन वर्षांखालच्या बाळाला स्क्रीन नको, दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास, कमी असेल तर अधिक चांगलं. हाताच्या खेळांनाही धोके आहेत. चिंचोके, मणी तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती देऊ नका. ते नाकात, घशात जातात. त्याहून मोठ्या मुलांच्या हातीही लक्ष ठेवूनच द्या. बोलणाऱ्या, दिवे लागणाऱ्या खेळण्यांतले नाण्यासारखे चपटे सेल तर गिळले गेल्यास जिवावर बेततं. झाकणाला स्क्रू आहे का बघा. विकत घेताना आयएसआय चिन्ह तपासा. १ जानेवारी २०२१ पासून ते बंधनकारक आहे.

टॅबलेटसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून ठोकळ्यांचा एक चांगला संच, बोथट टोकाची कात्री, रंग आणि शाडूची माती घ्या. स्क्रीनचं काम घरातल्या फोनवर होतं, आणि पुष्कळदा ती तुमच्यासाठी असते. अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर टाकाऊ वस्तूंपासून खेळणी बनवण्याचे कितीतरी व्हिडिओ आहेत. ते आधी तुम्ही बघा, मग फोन बाजूला ठेवून मुलाबरोबर बनवायला बसा.

दोन्हींची सांगड घालून बघायची असेल तर आज रात्री मूठभर मटकी मुलाच्या हाताने भिजत घाला. सकाळी ती त्यालाच फडक्यात बांधू द्या आणि फोनवर एक फोटो काढू द्या. रोज सकाळी पुरचुंडी सोडायची, मोड बोटाने चाचपायचा, फोटो काढायचा. तिसऱ्या दिवशी सगळे फोटो ओळीने सरकवून दाखवा आणि "आधी काय होतं?" एवढंच विचारून गप्प बसा. मग त्याच मटकीची उसळ करा.