लांब पल्ल्याच्या नेमबाजीचं साहित्य: घरी करावं की विकत घ्यावं?

नाशिकच्या सातपूरमध्ये, टूलरूममध्ये (साचे आणि हत्यारं बनवणाऱ्या कारखान्यात) सव्वीस वर्षं काढली. त्यामुळे नेमबाजी करणाऱ्या मुलीसाठी पहिला फ्रंट रेस्ट, म्हणजे रायफलचा पुढचा भाग टेकवायचा स्टँड, विकत घेण्याचा विचार माझ्या मनात आलाच नाही. १२ मिमीची प्लेट, तीन पाय आणि उंची कमीजास्त करायला मधोमध एम-१२ चा, म्हणजे १२ मिमी जाडीचा बोल्ट. दोन रविवारांत तयार झाला. दिसायला बाजारातल्यासारखाच होता आणि वजनाला त्याहून जास्त भरला.

रेंजवर नेल्यावर हिशेब कळला. एम-१२ च्या साध्या बोल्टाचा पिच, म्हणजे लगतच्या दोन आट्यांमधलं अंतर, १.७५ मिमी. एक फेरा फिरवला की रायफलचा पुढचा भाग तेवढा उचलला जातो. पुढचा टेका आणि मागची बॅग (रायफलच्या मागच्या टोकाखालची वाळूची पिशवी) यांच्यात साधारण ८० सेंमी अंतर असतं. त्रैराशिक मांडलं तर ५० मीटरवर तोच फेरा नेम ११ सेंमी वर नेतो, आणि १००० यार्डांवर, म्हणजे ९१४ मीटरवर, २ मीटर! ५० मीटर रायफलच्या टारगेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मिमीचं असतं. एफ-क्लासमध्ये, म्हणजे टेका आणि दुर्बीण वापरून मारायच्या लांब पल्ल्याच्या प्रकारात, १००० यार्डांवर पाच गुणांचं वर्तुळ सुमारे २५ सेंमीचं. त्यात बोल्ट आणि नटमधला प्ले, म्हणजे ढिलेपणा. तो नुसता ०.१ मिमी धरला तरी ५० मीटरवर ६ मिमी आणि १००० यार्डांवर ११ सेंमी खाऊन जातो. टूलरूममध्ये ०.१ मिमीचा प्ले असलेल्या जॅकला कुणी नाव ठेवलं नसतं.

तेव्हापासून एक कसोटी धरून चाललो आहे. जी वस्तू नुसती जड आणि निश्चल राहायला हवी ती घरी करा. जी हलवून नेमक्या जागी आणायची आहे, किंवा अंगावर घालायची आहे, ती विकत घ्या. पुढचं सगळं या कसोटीवर घासून लिहितो आहे, कारण स्वप्निल कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर बसून, पालथं झोपून आणि उभं राहून मारायच्या रायफल प्रकाराचं) कांस्य मिळवल्यापासून मला हा प्रश्न विचारणारे आईवडील वाढले आहेत. तो मूळचा कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा, पण घडला नाशिकमध्ये. त्यामुळे इथल्या घरांना तो आपलाच वाटतो.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. इथे ‘साहित्य’ म्हणजे रायफलच्या बाहेरचं साहित्य. बॅरल, रायफलचा बोल्ट (गोळी नळीत ढकलणारा भाग), ट्रिगर यांना घरी हात लावायचा नाही. शस्त्र अधिनियम १९५९ नुसार परवान्याशिवाय शस्त्र किंवा त्याचे भाग बनवणं आणि त्यात फेरफार करणं हा गुन्हा आहे. हातात कसब असेल तर ते कापड, वाळू आणि पत्र्यावर दाखवावं.

आधी प्रकार ठरवा

टारगेट रायफलमध्ये पालथं झोपून, दंडाला स्लिंग (रायफलला जोडलेला पट्टा) बांधून, पीप साइटमधून, म्हणजे बारीक भोकातून बघून, मारायचं असतं. टेका चालत नाही. ५० मीटर प्रोनलाही (पालथं झोपून मारायच्या प्रकारालाही) तेच. तिथे फ्रंट रेस्टचा उपयोग फक्त गोळ्यांचा लॉट (एका खेपेत बनलेल्या गोळ्या) तपासण्यापुरता. एफ-क्लासमध्ये मात्र टेका आणि दुर्बीण दोन्ही चालतात. त्यातही दोन वाटा आहेत. एफ-ओपनमध्ये फ्रंट रेस्ट वापरता येतो आणि रायफलची मर्यादा १० किलो. एफ-टीआरमध्ये कॅलिबर .२२३ किंवा .३०८ आणि बायपॉडसकट (पुढच्या दोन पायांच्या टेक्यासकट) ८.२५ किलो. सरावाची जागा मिळणं ही वेगळी अडचण. लांब पल्ल्याच्या रेंज बहुतेक सैन्याच्या आहेत आणि आपल्या हाताशी असतात १० आणि ५० मीटर. म्हणून नवशिक्याने एफ-क्लासच्या महागड्या वस्तूंपासून सुरुवात करू नये असं माझं ठाम मत आहे.

मागची बॅग: घरीच करा

इथे घरची वस्तू बाजारच्या वस्तूला सरळ हरवते. बॅगेचं सगळं मर्म आतल्या भरावात असतं आणि तो भराव नाशिकमध्ये मिळतो. सातपूर-अंबडच्या फाउंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) साच्यासाठी लागणारी सिलिका वाळू धुतलेली, चाळलेली, एकसारख्या दाण्याची असते. नदीच्या वाळूत माती आणि बारीक कण असतात. ते दाण्यांच्या फटीत बसत जातात आणि महिनाभरात बॅग दगडासारखी होते. कठीण बॅगेवर रायफल उसळते.

परदेशातले एफ-क्लासवाले ज्याला ‘हेवी सँड’ म्हणतात ती दुसरंतिसरं काही नसून झिरकॉन किंवा क्रोमाइटची वाळू असते, आणि फाउंड्रीवाल्यांना दोन्ही ओळखीच्या. सिलिकाच्या दाण्याची घनता २.६५, झिरकॉनची ४.६ च्या आसपास. त्याच आकाराची बॅग पावणेदोनपट जड होते आणि रायफलच्या धक्क्याने जागची हलत नाही. पाच-सात किलोसाठी कुणी बिल फाडत नाही. ओळखीच्या फाउंड्रीत विचारा.

पिशवी जाड कॉर्ड्युराची (मजबूत नायलॉनच्या कापडाची) शिवून घ्या. बॅगा दुरुस्त करणाऱ्याकडचं मशीन ते कापड ओढतं, घरचं शिलाई मशीन सुई मोडतं. रायफलचा बट (मागचा दस्ता) ज्या दोन कानांमध्ये बसतो ते चामड्याचे हवेत, आणि त्यांची शिवण आत गेलेली हवी. भरण्याआधी वाळू लोखंडी कढईत चांगली भाजून घ्या. हे मी पहिल्या वर्षी केलं नव्हतं. जुलैत त्र्यंबकच्या बाजूने पाऊस लागला की इथली हवा आठवडे ओली असते. बॅग सकाळी एक आणि दुपारी दुसरीच लागायची, आणि मुलगी बिचारी स्वतःच्या श्वासात चूक शोधत बसायची.

एक पथ्य पाळा: बॅगेत स्क्रू, चाक, उचलायची कळ असलं काही घालू नका. एफ-क्लासमध्ये मागची बॅग यांत्रिकपणे वरखाली होणारी चालत नाही.

फ्रंट रेस्ट आणि बायपॉड

रेस्ट घरी करायचाच असेल तर निदान बारीक पिचचा स्क्रू घ्या, प्ले मारायला स्प्रिंग बसवा आणि मोठं चाक लावा. १०० मिमी व्यासाच्या चाकाचा काठ हाताने १ सेंमी सरकवला, तरी माझ्या एम-१२ वर १००० यार्डांत नेम ६ सेंमी हलायचा. बाजारातले चांगले रेस्ट महाग का, याचं उत्तर या आकड्यात आहे. तिथे पैसे लोखंडाचे नसतात, प्ले नसलेल्या आट्यांचे आणि घासून बसवलेल्या स्लाइडचे असतात. वर्षातून दोनदा लॉट तपासणाऱ्याने क्लबमधल्या कुणाचा तरी मागून वापरावा. एफ-ओपन खरंच खेळणाऱ्याने विकतच घ्यावा.

बायपॉडचं उत्तर मधलं आहे. एफ-टीआरमध्ये त्याचा ग्रॅमन् ग्रॅम ८.२५ किलोत मोजला जातो, म्हणून लोखंड बाद. अॅल्युमिनियमची घनता लोखंडाच्या साधारण एक तृतीयांश. ड्रॉइंग स्वतः काढून अंबडमधल्या एखाद्या व्हीएमसीवाल्याकडून (संगणकावर चालणारं कटिंग मशीन असलेल्याकडून) तुकडे काढून घेतले, तर वस्तू बाजारच्या तोडीची होते. घरी हॅकसॉ आणि ड्रिलवर केलेला बायपॉड बिजागरीत ढिला पडतो. तो रायफलच्या आहे त्या रेलवर बसेल असाच काढा. स्टॉकला नवीन भोक पाडू नका.

स्लिंग: विकतच

इथे मी चुकलो आणि त्याची किंमत मुलीने मोजली. बॅगेच्या दुकानातला नायलॉनचा पट्टा, चांगलं बक्कल, वरून चामडं. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमात रुंदी जास्तीत जास्त ४० मिमी, तीही पाळली. पण हा पट्टा ताणाखाली हळूहळू लांबत होता. स्लिंग लांबली की आधाराचा हात खाली बसतो, नळीचं तोंड खाली येतं आणि फटके एकामागून एक खाली उतरतात. साठ फटक्यांच्या मॅचमध्ये पहिले वीस झकास आणि शेवटचे वीस खालच्या नऊत. आम्ही दोन महिने तिच्या डाव्या कोपराला दोष दिला. शेवटी पट्ट्यावर पेनाने खूण करून मोजलं तेव्हा उलगडा झाला. न ताणणारा पट्टा आणि दंडावरून न घसरणारं बक्कल, हे दोन्ही जमवलेले लोक त्याचेच पैसे घेतात. ते द्यावेत.

जॅकेटबद्दल फार लिहायला नको. कापडाची जाडी एकेरी २.५ मिमीपर्यंतच, वर ताठरपणाची वेगळी चाचणी. शिंप्याने शिवलेलं कॅनव्हासचं जॅकेट इक्विपमेंट कंट्रोलला, म्हणजे स्पर्धेतल्या साहित्य तपासणीला, अडकलं तर मॅचच गेली. नवं परवडत नसेल तर वरच्या वयोगटात गेलेल्या मुलांचं वापरलेलं विचारा. त्यात खांदा आणि पाठ बसली पाहिजे. बटणं सरकवता येतात. हातमोज्यालाही मर्यादा आहे, एकूण १२ मिमी. तोही विकतच घ्या.

मॅट, रोल, स्कोपचा स्टँड

मॅट मंडपवाल्याकडच्या जाड कॅनव्हासची मस्त होते. कोपराखाली न घसरणारं रबर तेवढं नीट चिकटवा, आणि पुढचा मऊ भाग ५० मिमीपेक्षा जाड करू नका. नीलिंगचा रोल (गुडघ्यावर बसून मारताना घोट्याखाली घ्यायची गोल उशी) २५ सेंमी लांब आणि १८ सेंमी व्यासापर्यंत चालतो. तोही घरी शिवा. मी इगतपुरीकडून आणलेला भाताचा तूस भरून पाहिला. बसायला छान, पण त्याचा भुगा होतो, दर हंगामात बदलावा लागतो.

स्पॉटिंग स्कोपचा (फटके कुठे लागले ते बघायच्या दुर्बिणीचा) स्टँड करायला मला सगळ्यात जास्त आनंद झाला. जड बुड, १६ मिमीचा रॉड आणि आडवा हात, वर पाव इंच वीस आट्यांचा स्क्रू. मान आणि कोपर न हलवता, डोळा नुसता वळवून दिसेल इतक्या जवळ आणि इतक्या खाली स्कोप आला पाहिजे. बाजारातले बहुतेक कॅमेऱ्याचे ट्रायपॉड त्या उंचीला उतरत नाहीत. म्हणून हा स्टँड तुमच्या मुलाच्या मापाने करा.

वाऱ्याचे झेंडे

.३०८ च्या १५५ ग्रेनच्या (सुमारे १० ग्रॅमच्या) गोळीला १००० यार्डांवर ताशी दीड किलोमीटरचा आडवा वारासुद्धा जवळपास वीतभर ढकलतो. म्हणून वारा वाचायची सवय लहान अंतरापासून लागायला हवी आणि त्यासाठी विकतचं काहीच लागत नाही. ५० मीटर रेंजवरचे अधिकृत झेंडे ५० बाय ४०० मिमीचे, सुती, १० आणि ३० मीटरवर लावलेले असतात. ३०० मीटरला २०० बाय ७५० मिमीचे. कापड चौरस मीटरला सुमारे १५० ग्रॅमचं. रेशमी रिबन लावली तर ती झुळकेलाही नाचते आणि मूल खोटा वारा शिकतं. जाडसर मांजरपाट घ्या, फाडू नका, कात्रीने कापा, आणि सरावात अधिकृत अंतरावरच रोवा. स्पर्धेत स्वतःचे झेंडे लावता येत नाहीत. तिथे रेंजचे झेंडे ज्या वजनाने हलतील, त्याच वजनाची ओळख घरच्यांनी करून दिलेली असली पाहिजे.