एक पावसाळा, एक हिवाळा काढलेला मागचा लाल दिवा

सायकलच्या मागे शंभर ल्युमेनचा (ल्युमेन हे उजेडाचं माप) दिवा लावलाय आणि रात्री तो मंद मोडवर चालवतो. ग्रुपमधल्या एकाने विचारलंच, "मग एवढे पैसे कशाला घातलेस रे?" दिवसासाठी घातले. मागचा दिवा म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर रात्र येते, पण मिट्ट अंधारात साधा लाल ठिपकाही लांबून दिसतो. दिव्याचा कस लागतो तो सकाळी साडेआठच्या उन्हात.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर हा दिवा घेतला. कंपनीचं नाव देत नाही, कारण हाच साचा तीन-चार वेगवेगळ्या नावांनी ऑनलाइन विकला जातो आणि उद्या पाचवं नाव येईल. किंमत दोन हजारांच्या थोडी वर, यूएसबी-सी चार्जिंग, ब्रेक लावला की भडकणारा सेन्सर, सीटपोस्टला, म्हणजे सीटखालच्या नळीला, रबरी पट्ट्याने बसणारा. रोजचा रस्ता कोथरूड ते हिंजवडी आणि संध्याकाळी परत. सुट्टीच्या दिवशी मुळशी, नाहीतर कात्रजच्या जुन्या घाटातून खेड शिवापूर.

मुळशीला जाणाऱ्यांना उन्हाचा मुद्दा लगेच पटेल. मुळशी पुण्याच्या पश्चिमेला, त्यामुळे पहाटे निघालं की जाताना सूर्य पाठीशी असतो. परत येताना पिरंगुट, भूगाव करत चांदणी चौकाकडे वळलो की तो बरोबर समोर, म्हणजे मागून येणाऱ्या डंपरवाल्याच्याही डोळ्यांवर. त्यात काच धुळकट, वायपरने ओढलेले पट्टे, आणि रस्त्याच्या कडेला काळ्या जर्सीतला माणूस. भर उन्हाचा प्रकाश साधारण एक लाख लक्सपर्यंत जातो (लक्स म्हणजे एखाद्या जागेवर किती उजेड पडतो त्याचं माप). त्यात पाच-दहा ल्युमेनचा दिवा चालू आहे की बंद, हे खाली वाकून बघावं लागतं.

हे नुसतं तर्काने सांगत नाही. मित्राच्या सायकलला माझा जुना छोटा दिवा आणि हा नवा, दोन्ही लावून त्याला पुढे पाठवलं आणि मी मागे उभा राहून विजेचे खांब मोजत बसलो. जुना दिवा दुसऱ्या खांबाच्या पुढे उन्हात हरवला. नवा वळण येईपर्यंत दिसत राहिला. झाडांच्या सावलीतून उन्हात आणि उन्हातून सावलीत जाताना तर फरक जास्तच जाणवला. सावलीच्या पट्ट्यात सायकलवाला अक्षरशः नाहीसा होतो, लुकलुक तेवढी उरते.

यातून काय मिळतं याचा हिशोब सोपा आहे. तुम्ही ताशी २० किलोमीटरने चाललाय आणि मागची गाडी ६० ने येतेय, तर दोघांतलं अंतर सेकंदाला ११ मीटरने घटतं. ५० मीटरवरून दिसलात तर चालकाच्या हातात साडेचार सेकंद. ३०० मीटरवरून दिसलात तर २७. साडेचार सेकंदांत माणूस फार तर कर्कश हॉर्न वाजवतो. २७ सेकंद असतील तर आरशात बघून आरामात बाजूने गाडी काढतो. मागून येणाऱ्या गाड्या आताशा जरा जास्त लांबून वळसा घालतात असं मला वाटतं. वाटतं म्हणतोय, मोजलेलं नाही.

आता ल्युमेनच्या आकड्याबद्दल, कारण खरेदीच्या वेळी सगळे तिथेच अडकतात. ल्युमेन म्हणजे दिव्यातून एकूण बाहेर पडणारा उजेड. तो कुठल्या दिशेला किती जातो हे सांगणारं माप वेगळं, त्याला कॅन्डेला म्हणतात, आणि आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बहुतेक खोक्यांवर ते छापलेलं नसतं. शंभर ल्युमेन मागच्या अख्ख्या अर्ध्या गोलात सारखे पसरले तर कुठल्याही एका दिशेला १६ कॅन्डेलाच मिळतात. तीसच ल्युमेन भिंगाने २० अंशांच्या शंकूत गोळा केले तर तीनशेच्या वर कॅन्डेला मिळतात. म्हणजे खोक्यावर ३० लिहिलेला दिवा १०० लिहिलेल्याला सहज झाकोळू शकतो. म्हणून दुकानात दिवा हातात घेतला की आधी भिंग बघा. नुसती गुळगुळीत लाल काच असेल तर उजेड चौफेर सांडणार. आत बारीक कंगोरे किंवा प्रत्येक एलईडीपुढे छोटी गोल भिंगं असतील तर काहीतरी विचार केलेला आहे. माझ्या दिव्यात मधला भाग लांब फेकतो आणि दोन्ही कडांना पातळ पट्ट्या आहेत, त्या बाजूने दिसतात. चौकात आडव्या येणाऱ्या रिक्षासाठी त्या पट्ट्याच कामाच्या.

पण लांब फेकणाऱ्या दिव्याला एक पथ्य असतं: तो सरळ बसला पाहिजे. सीटपोस्ट उभा नसतो, मागे कललेला असतो, बहुतेक सायकलींत जमिनीशी साधारण ७३ अंशांवर. त्यावर दिवा तसाच चिकटवला की त्याचं तोंड १७ अंश खाली जातं. दिवा पाऊण मीटर उंचीवर असेल तर झोताचा मध्य तुमच्या मागे अडीच मीटरवर डांबरात घुसतो. गाडीवाल्याला उरतो तो कडेचा सांडलेला उजेड. रस्त्यावर बघा, निम्म्याहून जास्त महागडे दिवे खड्डे उजळत चाललेले असतात. चांगल्या दिव्यासोबत पाचरीच्या आकाराचा रबरी तुकडा येतो, तो याचसाठी. माझ्याबरोबर आला होता, पण माहितीपत्रकात त्याबद्दल अवाक्षर नव्हतं. तपासायची युक्ती अशी: सायकल भिंतीपासून चार-पाच मीटरवर उभी करा, दिव्याची उंची मोजा, आणि भिंतीवरचा सगळ्यात तेजस्वी डाग त्याच उंचीवर पडतोय का ते पाहा. लहान चणीच्या लोकांची अडचण वेगळी. सीट खाली असते, त्यात सीटखालची पिशवी, त्यामुळे सीटपोस्टवर दिव्याला जागाच उरत नाही. पावसाळ्यात रेनकोटची शेपटी किंवा पोंचोही बरोबर दिव्यावर येऊन बसतो.

रात्रीचं सांगतो. पहिल्या आठवड्यात अंधार पडल्यावरही पूर्ण उजेडात फ्लॅश चालू ठेवला होता. नळ स्टॉपच्या सिग्नलला मागचा स्कूटरवाला म्हणाला, "ओ काका, तो दिवा बंद करा ना, डोळे गेले!" काका म्हटल्याचा राग बाजूला ठेवून सांगतो, त्याचं बरोबर होतं. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांवर एवढा झोत पडला की चालकाला दिवा दिसतो, सायकल दिसत नाही. लुकलुकणारा एकटा ठिपका नेमका किती लांब आहे हे ओळखणंही कठीण जातं. नजर त्याकडे खेचली जाते, पण अंतराचा अंदाज स्थिर दिव्यावरून जास्त चांगला येतो. जर्मनीत सायकलला लुकलुकणारा दिवा कायद्यानेच चालत नाही. ब्रिटनमध्ये २००५ पासून चालतो, पण मिनिटाला ६० ते २४० वेळा लुकलुकला पाहिजे अशी अट आहे. अमेरिकेतल्या रॅन्डोनरिंगच्या, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल सफरींच्या, नियमांत मागचा निदान एक दिवा स्थिर हवा. बनवणाऱ्यांनाही हे कळतं. गार्मिन कंपनीच्या व्हेरिया आरटीएल ५१५ या, मागून येणारी गाडी रडारने ओळखणाऱ्या दिव्याचे आकडे पाहा: स्थिर उजेड २० ल्युमेन, रात्रीचा फ्लॅश २९, दिवसाचा ६५. एकाच दिव्यात दिवसाचा फ्लॅश रात्रीच्या फ्लॅशच्या दुपटीहून जास्त, आणि स्थिर उजेडाच्या तिपटीहून जास्त.

माझ्या दिव्यात रात्रीसाठी मला आवडलेला मोड 'पल्स' आहे. तो पूर्ण विझत नाही, मंद-तेज होत राहतो. घाटात, जिथे मागे एकच गाडी असते, तिथे हा किंवा स्थिर. शहरात तर स्थिरच. दुःख एवढंच की मोड सहा आणि बटण एक. मंद मोडवरून पुढे जायचं तर मध्ये तो पोलीस व्हॅनसारखा भडकणारा प्रकार लागतोच. शेवटचा मोड लक्षात ठेवतो, हे त्यातल्या त्यात बरं. घेताना हे जरूर विचारा. दर वेळी पहिल्यापासून सुरू होणारा दिवा महिन्याभरात वैताग आणतो.

ब्रेकच्या सेन्सरबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. आत वेगातला बदल ओळखणारी चिप असते. पुण्यातले गतिरोधक, पेव्हर ब्लॉक आणि ड्रेनेजची झाकणं हे सगळं तिला ब्रेकच वाटतं. कर्वे रोडवर दिवा सारखा दचकत असतो. घाट उतरताना खरोखर ब्रेक दाबला की छान भडकतो, हे मान्य. पण ज्या गोष्टीसाठी चार-पाचशे रुपये जास्त मोजावेत त्यांत ही नाही. त्याच चिपमुळे सायकल थांबली की दोन मिनिटांनी दिवा झोपतो आणि हलली की उठतो. पार्किंगमध्ये उपयोगी. गाडीच्या कॅरिअरवर सायकल बांधून वाईला नेली तेव्हा मात्र हा पठ्ठ्या अख्खा रस्ता जागा होता आणि उतरल्यावर बॅटरी लाल.

पावसात दिवा टिकला, त्याचं श्रेय अर्धं दिव्याला, अर्धं मडगार्डला. मडगार्ड नसेल तर मागच्या चाकाचा चिखलाचा फवारा थेट दिव्यावर बसतो, आणि तो पडणाऱ्या पावसापेक्षा वाईट. म्हणून खोक्यावरचा आयपीएक्सचा आकडा, म्हणजे दिवा किती पाणी सोसतो त्याचा आकडा, नीट वाचावा. ४ म्हणजे सगळीकडून उडणारं पाणी, ६ म्हणजे जोराचा फवारा, ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. ७ हा ६ पेक्षा मोठा, म्हणून ६ त्यात आलाच असं नसतं. बुडवून पाहिलेला दिवा फवाऱ्यात टिकतोच असं कुणी तपासलेलं नसतं. सायकलला ६ जास्त उपयोगाचा. माझ्यावर ६ आहे. ऑगस्टमध्ये भिंगाच्या आत थोडी वाफ धरली, ती दोन दिवसांत गेली. चार्जिंगच्या भोकावरचं रबरी झाकण हा सगळ्याच दिव्यांचा नाजूक भाग. त्याला अधूनमधून सिलिकॉन ग्रीसचं बोट लावतो, आणि भिजून आल्यावर रात्रभर झाकण उघडं ठेवून सकाळी चार्ज करतो. ओल्या पोर्टमध्ये वायर खुपसली की पिना काळ्या पडतात.

चार्जिंगची एक गंमत आहे. पोर्ट यूएसबी-सी, पण लॅपटॉपच्या सी-टू-सी, म्हणजे दोन्ही टोकांना सी असलेल्या, वायरने हा चार्जच होत नाही. जुन्या चौकोनी तोंडाच्या चार्जरला जोडलं की होतो. दिवा बिघडलेला नाही. सी पोर्टमध्ये दोन बारीक रेझिस्टर लागतात, ते बघून चार्जर वीज सोडतो. स्वस्तात बनवताना ते गाळलेले असतात. दिवा परत पाठवण्याआधी वायर बदलून बघा.

बॅटरीचे तास खोक्यावर भरघोस लिहिलेले असतात. दिवे किती चालतात ते मोजायची एफएल-१ नावाची पद्धत आहे, तीत सुरुवातीच्या १० टक्के उजेडावर येईपर्यंतचा काळ धरतात. म्हणजे दहा तास म्हणताना नवव्या तासाला तुम्ही निरांजन घेऊन चाललेले असू शकता. माझा दिवा दिवसाच्या फ्लॅशमध्ये बराच वेळ एकसारखा राहतो आणि मग झपकन उतरतो. स्थिर मोडमध्ये मात्र पहिल्या तासापासून हळूहळू कमी होतो. आठवड्यातून दोनदा चार्ज केलं की प्रश्न येत नाही. एप्रिल-मेमध्ये उन्हात तापलेला दिवा लगेच चार्जला लावू नये. लिथियमच्या बॅटरीला साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज होणं मानवत नाही.

रबरी पट्टा मार्चमध्ये तडकला. उन्हाने सगळ्यांचेच तडकतात. सुटा पट्टा मिळत नसेल असा दिवा घेऊ नका. मला सध्या सायकलच्या ट्यूबमधून कापलेल्या पट्टीने काम भागवावं लागतंय आणि ती कंपनीच्या पट्ट्यापेक्षा घट्ट बसली आहे.

शेवटी दुसऱ्या दिव्याचं. लांब जात असाल तर मागे दोन हवेतच, कारण मागचा दिवा विझला तर तो विझल्याचं सगळ्यात शेवटी आपल्याला कळतं. वडिलांच्या सायकलला टायरला घासणारा डायनामो होता, तेव्हा निदान पुढचा विझला की मागचाही गेला हे समजायचं. माझा दुसरा दिवा पेन्सिल सेलवरचा आहे, स्थिर, मंद, साडेतीनशे रुपयांचा. सेल संपले तर हायवेवरच्या कुठल्याही किराणा दुकानात मिळतात. तो मी कॅरिअरवर बसवलाय, म्हणजे रेनकोटची शेपटी आड येत नाही. तुम्हीही कॅरिअरवर लावणार असाल तर आधी मागच्या पट्टीच्या भोकांमधलं अंतर मोजा: बाहेरच्या कंपन्यांचे कॅरिअरचे दिवे ५० किंवा ८० मिलिमीटरचे येतात, आणि आपल्याकडच्या बऱ्याच कॅरिअरला पट्टीच नसते. मग पेठेतल्या सायकलवाल्याकडून पत्र्याची एक पट्टी वाकवून, दोन भोकं पाडून घ्यावी लागते.