दादरच्या फुलबाजारामागचा वन बीएचके, अकरा महिने राहून

आधी आकडे. दादर पश्चिम, सेनापती बापट मार्गालगतच्या गल्लीतली जुनी इमारत, लिफ्ट नाही, घर तिसऱ्या मजल्यावर. भाडं ४६,०००, डिपॉझिट २ लाख, दलाली एका महिन्याच्या भाड्याइतकी. कार्पेट ३४० चौरस फूट. जाहिरातीत 'प्रशस्त' लिहिलं होतं. फ्रिजचं दार उघडलं की स्वयंपाकघराचं दार लागत नाही, इतकं प्रशस्त.

दलालाने घर दाखवलं रविवारी दुपारी चारला. खिडकीतून वारा येत होता, खाली सामसूम. बेडरूमची खिडकी फुलबाजाराच्या अंगाला आहे याचा अर्थ पहिल्या रात्री कळला. तीन-साडेतीनला टेम्पो यायला लागतात, रिव्हर्सचं ते किरकिरं गाणं वाजतं, मग हमालांचं 'ए बाजूऽऽ' आणि गोण्या आपटल्याचे आवाज. आठ दिवस मी आणि आई टक्क जाग्या. शेवटी गाद्या हॉलमध्ये आणल्या. बेडरूममध्ये आता कपाट आणि कपडे वाळत घालायची दोरी. म्हणजे भाडं वन बीएचकेचं, राहतो वन आरकेत. इथे कुठलंही घर बघायचं तर पहाटे चारला खाली येऊन उभे राहा. दलाल वेडं समजेल, समजू दे.

पावसाळ्यात खालचा रस्ता म्हणजे तुडवलेल्या झेंडूचा चिखल. वास आंबूस, आणि पाय घसरतो. दसऱ्याच्या आदल्या दिवशी टॅक्सीवाला आत यायला तयार होईना, प्लाझा सिनेमापासून बॅग ओढत आणली. आई मात्र खूश. दुपारी बाजार उठता उठता दहा रुपयांत ओंजळभर शेवंती आणते. आमचे देव डोंबिवलीत एवढे कधी नटले नव्हते.

मी अजून टिकून आहे ते लोकलमुळे. ऑफिस ठाण्याला. सकाळी सगळी मुंबई दादरच्या दिशेने येत असते आणि मी उलटी जाते, चक्क खिडकीशी बसून. दारातून सहा मिनिटांत पुलावर. डिसेंबर २०२३पासून दादरचे पश्चिम आणि मध्य रेल्वेचे प्लॅटफॉर्म मिळून सलग १ ते १४ झालेत, त्यामुळे बोरिवलीहून येणाऱ्या भावाला 'चार नंबर, पण मध्यचा' असं समजवावं लागत नाही.

करारनाम्याचं जरा बघून घ्या. दलालाने ७,००० मागितले. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का, त्यात डिपॉझिटवर धरलेलं १० टक्के व्याजही मोजतात. नोंदणी फी १,०००. माझ्या घराचा सरकारी खर्च तीन हजारांच्या आत बसतो. हिशेब कागदावर मांडला तर म्हणे, "मॅडम, सगळे देतात." साडेचारवर तुटलं. त्यात घरी येऊन अंगठे आणि फोटो घेणारा मुलगाही आला.

पाणी पहाटे साडेपाच ते आठ, जोर चांगला. मालक काका माणूस सरळ; गीझर बिघडला तर दोन दिवसांत नवा बसवला. फक्त बाथरूमच्या भिंतीची ओल "पाऊस संपला की बघू" म्हणाले होते, आणि आता पुढचा पाऊस तोंडावर आलाय.

नवा करार करायचा तर भाडं दहा टक्क्यांनी वाढवून हवंय. मी म्हटलं, देते, पण बेडरूमच्या खिडकीला दुहेरी काच लावून द्या. काका म्हणाले, "बघू."