रशियाचं गिऱ्हाईक, रुपयातलं बिल: व्होस्ट्रो खात्याचा एका हंगामाचा अनुभव

पैसे आले. वेळेत आले, पूर्ण आले, मधल्या कुठल्या बँकेने त्यातला छदामही कापला नाही. तरीही हे लिहितोय ते वैतागून. कारण खात्यात जमा झालेले हे पैसे परदेशातून आलेत, हे आमच्या बँकेला पटवण्यातच निम्मा हंगाम गेला.

माल बेदाणा, तासगावचा. गिऱ्हाईक सेंट पीटर्सबर्गचं. स्पेशल रुपी व्होस्ट्रो खातं म्हणजे काय, हे निर्यातीत असलेल्यांना समजावत बसत नाही. रिझर्व्ह बँकेचं 11 जुलै 2022 चं परिपत्रक सगळ्यांनी कधी ना कधी चाळलेलं असतं. तिकडचा खरेदीदार आपल्या बँकेत रूबल भरतो, त्या बँकेचं इथल्या बँकेत रुपयांचं खातं असतं, त्यातून आपल्याला रुपये मिळतात. डॉलर नाही, मध्ये न्यूयॉर्कची बँक नाही, स्विफ्टमधून (बँकांच्या आंतरराष्ट्रीय निरोपांच्या जाळ्यातून) कुठली रशियन बँक बाहेर आहे याची चिंता नाही.

आधी आम्ही दुबईमार्गे दिरहम घेत होतो. तो रस्ता अजून चालू आहे, पण पैसे पाठवणारी कंपनी वेगळी आणि बिलावरचं नाव वेगळं, म्हणजे थर्ड पार्टी पेमेंट. नियमात बसतं, पण दर वेळी "हे कोण? यांचा तुमचा संबंध काय?" इथून सुरुवात. त्या मानाने रुपयाचा रस्ता सरळ वाटला आणि पहिल्या कंटेनरचे पैसे आले तेव्हा मी दोन-चार जणांना फोन करून सांगितलंसुद्धा की डोळे मिटून हेच करा.

मग पासबुक भरून आणलं.

व्होस्ट्रो खातं एका बँकेत, आमचं चालू खातं दुसऱ्या बँकेत. त्यामुळे पैसे शेवटच्या टप्प्यात साध्या आरटीजीएसने आले, जसे मिरजेच्या व्यापाऱ्याकडून येतात तसेच. नोंदीच्या ओळीत पाठवणाऱ्या बँकेचं नाव, पुढे गिऱ्हाइकाच्या कंपनीची पहिली सात-आठ अक्षरं आणि तिथेच ओळ तुटलेली. बिल नंबर नाही, पैसे कशाचे ते सांगणारा पर्पज कोड नाही, व्होस्ट्रो हा शब्द तर नाहीच. या तुटक्या ओळीवर मी जितका वेळ घालवलाय तितका माल निवडण्यावरही घातला नसेल. रशियन बँक रूबलचे रुपये करते, निर्बंधांच्या एवढ्या जंजाळातून ते सुखरूप मुंबईत पोचवते आणि शेवटी सगळं घोडं अडतं ते शेऱ्याच्या रकान्यात अक्षरं पुरत नाहीत म्हणून!

"मॅडम, हे एक्स्पोर्टचं पेमेंट आहे."

"एक्स्पोर्टचं आहे तर रुपयात कसं? फॉरेन करन्सी कुठाय?"

"रुपयातच येतं ते. आरबीआयचं परिपत्रक आहे."

"असेल हो. पण सिस्टीममध्ये इनवर्ड, म्हणजे परदेशातून आलेली रक्कम, दिसत नाही ना. मी काय मॅच करू?"

शाखेतल्या या मॅडमची बाजूही खरी होती. इनवर्डची नोंद नसेल तर ईडीपीएमएसवर, म्हणजे निर्यातीचे पैसे आले का यावर लक्ष ठेवणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या प्रणालीवर, आमचं शिपिंग बिल (कस्टम्सकडचा निर्यातीचा कागद) उघडंच राहणार. ते बंद झाल्याशिवाय बीआरसी, म्हणजे पैसे वसूल झाल्याचा बँकेचा दाखला, नाही. बीआरसी नाही म्हणजे ड्रॉबॅक आणि रोडटेप या निर्यातीवरचे कर परत देणाऱ्या दोन्ही सवलतींवर टांगती तलवार. पैसे वसूल झाल्याचा पुरावा मुदतीत दिला नाही तर घेतलेला लाभ परत करायचा. रुपयात वसुली झाली तरी हे लाभ मिळतात, हे डीजीएफटीने (विदेश व्यापार महासंचालनालयाने) 9 नोव्हेंबर 2022 च्या अधिसूचनेत स्पष्ट केलंय. ती अधिसूचना पिवळ्या पेनाने रेघा मारून घेऊन गेलो. त्यांनी ती फाइलला लावून घेतली, एवढंच.

मग सुरू झाली टोलवाटोलवी. आमची बँक म्हणे, ज्यांच्याकडे व्होस्ट्रो खातं आहे त्यांच्याकडून पैसे त्याच खात्यातून निघाल्याचं पत्र आणा. ती बँक म्हणे, तुम्ही आमचे खातेदार नाही, तुमच्या बँकेने मागावं. आमची शाखा म्हणे, आम्ही मेल टाकलाय. कोणाला टाकलाय, ते सांगेनात. शेवटी आमच्या सीएंनी दोन्हीकडच्या फॉरेक्स विभागांना एकाच मेलमध्ये घेतलं, तेव्हा कुठे पत्र हललं.

मधल्या काळात आमच्या शाखेने प्रतिज्ञापत्र मागितलं. त्यात एक कलम असं की सदर माल लष्करी वापरासाठी नाही. माल बेदाणा! याला कारण आहे, तेही सांगतो. डिसेंबर 2023 मध्ये अमेरिकेने नवा आदेश काढला: रशियाच्या लष्करी उद्योगाला मदत होईल असा व्यवहार कुठल्याही देशाच्या बँकेने केला, तर तिचं अमेरिकेतलं खातं बंद होऊ शकतं. तेव्हापासून बँकांनी धसका घेतलाय. मशीनचे सुटे भाग, बेअरिंग, इलेक्ट्रॉनिक्स पाठवणाऱ्यांची चौकशी होणं समजू शकतो. पण अन्नधान्य आणि औषधांना खुद्द अमेरिकेनेच मोकळीक दिलेली आहे, हे शाखेत कोणाला माहीत नाही, आणि माहीत असलं तरी सही करायला कोणी तयार नाही. त्यात आपल्या राज्यात ऑक्टोबर 2024 पासून 100 आणि 200 चे स्टॅम्प पेपर गेले. म्हणजे बेदाणा हे शस्त्र नाही हे लिहून द्यायला 500 रुपये, नोटरीचे वेगळे. आणि हे प्रत्येक शिपमेंटला नवीन हवं, मागचं चालत नाही.

इथवर लिहून झाल्यावर मी पाचपैकी दोन तारे देणार होतो. पुढच्या कंटेनरने मत बदललं.

व्होस्ट्रो खातं ज्या बँकेत आहे त्याच बँकेत आम्ही चालू खातं उघडलं. त्या बँकेचा एडी कोड (निर्यातीचे पैसे कुठल्या बँकेत येणार ते कस्टम्सला सांगणारा क्रमांक) बंदरावर नोंदवून घेतला. एक्स्पोर्टची कागदपत्रं तिथूनच पाठवली, आणि अहो, काहीच झालं नाही! पैसे आले, शिपिंग बिलाशी जुळले, बीआरसी निघाली. तेच गिऱ्हाईक, तोच माल, तोच कायदा. एकाच छपराखाली सगळं असल्यामुळे ती तुटकी ओळ कोणाला वाचावीच लागली नाही. तेव्हा दोष योजनेचा नाही, दोन बँकांमधल्या फटीचा आहे. ऑगस्ट 2025 पासून अशी खाती उघडायला रिझर्व्ह बँकेची आगाऊ परवानगी लागत नाही, त्यामुळे आणखी बँका यात येतील. पण शेऱ्याच्या रकान्याबद्दल अजून कोणी अवाक्षर काढलेलं नाही.

आगाऊ रकमेबद्दल मात्र सावध राहा. आम्ही करारात ॲडव्हान्स धरला होता आणि तो रखडला. परिपत्रकातच लिहिलंय की खात्यातली शिल्लक आधी पूर्ण झालेल्या निर्यातीची देणी भागवायला वापरायची, मग ॲडव्हान्स. तरी रशियाच्या बाबतीत शिल्लक भरपूर असते. 2023-24 मध्ये दोन्ही देशांचा व्यापार सुमारे 65.7 अब्ज डॉलर, त्यात आपली निर्यात जेमतेम 4.26 अब्ज, बाकी बहुतेक आपण घेतलेलं तेल. मे 2023 मध्ये गोव्यात रशियाचे परराष्ट्रमंत्री लावरोव्ह बोलून गेले होते की भारतीय बँकांत अब्जावधी रुपये साचलेत आणि ते वापरायचे कसे हा प्रश्न आहे. त्यांचा प्रश्न, आपली सोय.

याच्या उलट इराणचं झालं. 2012 पासून यूको बँकेतून रुपयाचा व्यवहार चालायचा, तेलाचे रुपये जमा व्हायचे आणि त्यातून बासमतीवाल्यांना मिळायचे. मे 2019 मध्ये आपण इराणचं तेल घेणं थांबवलं आणि खातं आटत गेलं. दुबईमार्गे इराणला माल देणाऱ्या एका मित्राने विचारलं, आता या नव्या योजनेतून जमेल का? नाही जमणार. एफएटीएफ या काळ्या पैशावर नजर ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या काळ्या यादीतल्या देशाच्या बँकेला हे खातं मिळत नाही.

कंजूष माणसासाठी एक हिशेब. रुपयात बिल म्हणजे दराची जोखीम गिऱ्हाइकाची, म्हणून मी खूश होतो. पण डिसेंबर 2024 मध्ये 85 ओलांडलेला डॉलर डिसेंबर 2025 मध्ये 90 च्या वर गेला. डॉलरमध्ये विकणारे शेजारी ही वाढ खिशात घालत होते आणि मी बँकेची कापाकापी वाचल्याचं समाधान मानत होतो. नव्या करारात भाव ठरवताना हे धरलंय. गिऱ्हाईक कुरकुरलं, पण तयार झालं.

सीएचएला (कस्टम्सचं काम पाहणाऱ्या एजंटला) आधीच बजावा की शिपिंग बिलावर चलन रुपये टाक. त्यांचा हात सवयीने डॉलरवरच जातो. आणि तिकडची बँक कोणती ते करारापूर्वी विचारा. स्बेरबँक आणि व्हीटीबी 2022 पासून अमेरिकेच्या निर्बंधांच्या यादीत आहेत, गाझप्रोमबँक नोव्हेंबर 2024 मध्ये गेली. रुपयाचा व्यवहार त्यामुळे आपोआप बंद होत नाही, पण नाव दिसलं की तुमची शाखा फाइल वर पाठवते आणि फाइल वर गेली की लवकर खाली येत नाही.

चार तारे देतो. पाचवा जुन्या शाखेने कापला. ज्या पत्रासाठी आम्हीच मेल केले, त्या पत्रव्यवहाराचे 500 अधिक 18 टक्के जीएसटी, असे 590 रुपये त्यांनी खात्यातून वळते करून घेतले. परत मागायचा अर्ज दिलाय, पोच घेतलीय. खातं अजून बंद केलेलं नाही, ते तेवढ्यासाठीच.