टीव्हीच्या आवाजासाठी जुने लाकडी स्पीकर : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

"अगं, काय म्हणाला गं तो?"

रात्री साडेसात ते साडेनऊ या दोन तासांत हा प्रश्न आमच्या घरात किमान दहा वेळा यायचा. सासूबाई ७६ वर्षांच्या. मालिका अगदी मन लावून बघतात, आणि नेमकं महत्त्वाचं वाक्यच निसटून जायचं. मग आवाज वाढवायचा. टीव्हीचा आकडा ४०च्या आसपास गेला की पार्श्वसंगीत अंगावर यायचं, लेकीचा अभ्यास थांबायचा. नाशिकच्या सिडकोतलं आमचं रो-हाउस, शेजारच्यांशी भिंत सामाईक, त्यामुळे पलीकडच्या काकूंनाही मालिका ऐकावी लागायची. एवढं करूनही आईंना वाक्य कळायचं नाही ते नाहीच.

आधी कान तपासून घेतले, आणि घरात वयस्कर माणूस असेल तर सुरुवात तिथूनच करा असं मी कळकळीने सांगेन. आईंच्या कानात मळ होता, तो निघाल्यावर थोडा फरक पडला. तपासणीत कळलं की वयानुसार बारीक, वरच्या पट्टीतलं ऐकणं कमी झालंय. डॉक्टरांनी समजावलं तेव्हा सगळा उलगडा झाला. शब्दातल्या स्वरांना जोर असतो, ते खालच्या पट्टीत असतात. स, श, फ, त ही व्यंजनं मात्र हलकी आणि बारीक. म्हणजे आईंना आवाज ऐकू येत होता, अक्षर ऐकू येत नव्हतं. 'साठ' म्हटलं की 'आठ' ऐकू यायचं. त्यावर सरसकट आवाज वाढवला की ढोल-ताशे आणखी मोठे होतात आणि 'स' त्यांच्याखाली दबतो.

आमचा टीव्ही २०१७ सालचा, ४० इंची, भिंतीला टेकवलेला. टीव्ही जितका पातळ तितकी स्पीकरला जागा कमी. शिवाय आमच्या टीव्हीत ते खालच्या बाजूला तोंड करून बसवलेत. आवाज आधी भिंतीवर आणि खालच्या कपाटावर आपटतो, मग आपल्याकडे येतो. त्यात हॉलमध्ये गुळगुळीत फरशी आणि उघड्या भिंती, टाळी वाजवली तर घुमते.

पैसे खर्च करण्याआधी दोन फुकटचे उपाय केले. टीव्हीच्या मेनूत आवाजाचा मोड 'मूव्ही'वरून काढून बोलणं स्पष्ट करणाऱ्या मोडवर नेला. आणि सेट-टॉप बॉक्समध्ये आणि ॲपमध्ये ५.१ऐवजी (म्हणजे सहा स्पीकरांत वाटलेल्या आवाजाऐवजी) साधा, दोन स्पीकरांचा स्टिरिओ निवडला. ५.१मध्ये संवाद बहुतेक मधल्या स्पीकरसाठी ठेवलेले असतात. घरात दोनच स्पीकर असले की सगळं त्या दोनांत कोंबलं जातं आणि संवाद मागे पडू शकतात. आमच्याकडे यानेच बराच फरक पडला. कुणाला यापुढे काही घ्यायचंच नसेल, तर एवढं तरी नक्की करा.

मग भावाने त्याचा साउंडबार, म्हणजे टीव्हीखाली ठेवायचा लांबट स्पीकर, पंधरा दिवस वापरायला दिला. नऊ हजारांचा, सोबत वेगळा सबवूफर (बासचा, म्हणजे जाड, खालच्या पट्टीतल्या आवाजाचा स्पीकर). सिनेमाला मजा आली, हे खरं. पण मालिकेत आईंचा प्रश्न थांबला नाही. सबवूफर कोपऱ्यात ठेवला की घुमायचा (कोपऱ्यात बास वाढतोच), आणि काकूंच्या भिंतीतून सर्वात आधी पलीकडे जातो तो बासच. खोक्यावर वॅटचे मोठमोठे आकडे असतात, पण वॅट दुप्पट झाले तरी आवाज दुप्पट होत नाही, जेमतेम ३ डेसिबलचा फरक पडतो. आम्हाला तर मुळात जोर नको होता, शब्द हवे होते. भावाला तो परत दिला.

माळ्यावर सासऱ्यांच्या जुन्या डेकचे दोन लाकडी स्पीकर होते. डेक केव्हाच भंगारात गेला, पण त्यांची आठवण म्हणून आईंनी स्पीकर टाकू दिले नव्हते. खाली काढून जाळी उघडली, तर स्पीकरमधल्या हलणाऱ्या शंकूच्या कडेचा फोम बोट लावताच भुगा होऊन पडला. जुन्या फोमचं असंच होतं, न वापरता ठेवला तरी तो सडतो. रबराची कड असेल तर टिकते. जुन्या नाशकात स्पीकर दुरुस्त करणाऱ्या एका काकांनी दोन्हींचा फोम ८०० रुपयांत बदलून दिला.

त्यांनी एक गोष्ट दाखवली ती कायमची लक्षात राहिली. आमच्या स्पीकरमागच्या लाल-काळ्या खुणा पुसल्या होत्या. काकांनी साधा पेन्सिल सेल घेतला, दोन वायरी त्याला क्षणभर टेकवल्या. टक् असा आवाज झाला आणि शंकू बाहेर सरकला. "बाहेर आला ना? मग सेलची प्लस बाजू ज्या टोकाला, ते टोक लाल." त्यांनी तिथे लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला. घरी येऊन मी घाईघाईत एका स्पीकरची जोडणी तरी उलटी केलीच. आवाज येत होता, पण बास गायब, आणि बोलणारा माणूस नेमका कुठून बोलतोय ते कळेना, जणू डोक्याभोवती बोलतोय. लाल ठिपका आठवला, वायर पलटली, आणि आवाज पडद्याच्या बरोबर मध्यावर येऊन बसला. बातम्या देणारी बाई पडद्यातूनच बोलायला लागली. स्पीकर दोन्ही बाजूंना होते, तरी!

बाकीचं सामान एमजी रोडवर मिळालं. छोटा डिजिटल ॲम्प्लिफायर २,८०० रुपये, टीव्हीच्या ऑप्टिकल (प्रकाशाने आवाज नेणाऱ्या) जोडणीतून साधा आवाज काढणारा कन्व्हर्टर ७५०, ऑप्टिकल वायर २५०, स्पीकरची वायर २४०. फोम धरून एकूण ४,८४०.

आधी कन्व्हर्टर न घेता टीव्हीच्या हेडफोनच्या भोकातून जोडून पाहिलं होतं. सोपं होतं, टीव्हीच्याच रिमोटने आवाज कमी-जास्त व्हायचा. पण मागे सतत 'गुंऽऽ' असा आवाज. केबलची वायर सेट-टॉप बॉक्समधून काढली की गुंजन बंद, लावली की सुरू. म्हणजे दोष अर्थिंगच्या वाटेने येत होता. ऑप्टिकल वायरीतून वीज जात नाही, फक्त प्रकाश जातो, म्हणून ती जोडल्यावर गुंजन कायमचं गेलं. तुमच्याकडे गुंजन नसेल तर कन्व्हर्टरचे पैसे वाचवा. ऑप्टिकल जोडल्यावर पहिल्या संध्याकाळी आवाजच येईना, नुसतं टकटक. टीव्हीच्या मेनूत डिजिटल ऑडिओ आउट 'पीसीएम'वर, म्हणजे साध्या डिजिटल आवाजावर केल्यावर सुरू झाला. स्वस्त कन्व्हर्टरला डॉल्बी उलगडता येत नाही. दुकानदाराने हे सांगितलं नव्हतं, म्हणून इथे लिहून ठेवते.

ॲम्प्लिफायरला ब्लूटूथही आहे, पण टीव्हीसाठी आम्ही ते दोन दिवसांत सोडलं. ओठ आधी हलतात, आवाज मागून येतो. टीव्हीच्या मेनूत आवाज उशिरा नेता येतो, पुढे ओढता येत नाही, त्यामुळे तिथे उपाय चालत नाही. गाण्यांना मात्र चांगलं आहे.

स्पीकर आता आईंच्या खुर्चीत बसल्यावर कानाच्या उंचीला येतील अशा स्टुलांवर आहेत, तोंड किंचित आत वळवलेलं, भिंतीपासून वीतभर पुढे. बासचं बटण निम्म्याच्या खाली, ट्रेबल (बारीक आवाजाचं बटण) थोडं वर. समोर जाड सतरंजी अंथरली आणि खिडकीला दुहेरी पडदा लावला, तेव्हा घुमणं पुष्कळ कमी झालं. या सतरंजीला मी ॲम्प्लिफायरइतकंच श्रेय देईन.

आता नऊ महिन्यांचा हिशोब. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सुखाचे गेले. थंडीत खिडक्या बंद, पंखा बंद, आवाज इतका कमी पुरायचा की स्वयंपाकघरात मला ऐकू यायचं नाही. एप्रिलमध्ये कूलर सुरू झाला आणि आईंचा प्रश्न परत आला. कूलरची घरघर नेमकी बारीक अक्षरं गिळते. कूलर खुर्चीच्या मागून काढून पलीकडच्या खिडकीत नेला, वेग एकने कमी केला, तेव्हा जमलं. मे महिन्यात वीज सारखी जात-येत होती, त्यात ॲम्प्लिफायरचा ॲडॉप्टर गेला. नवा ४५० रुपयांना. बदलताना व्होल्ट अगदी तेच हवेत, अँपिअर तेवढेच किंवा जास्त, आणि पिनची आतली-बाहेरची बाजूही जुळायला हवी. तेव्हापासून सगळं स्पाइक गार्डवर आहे.

सर्वात मोठी अडचण रिमोटची. ऑप्टिकलवर टीव्हीचा रिमोट आवाज कमी-जास्त करत नाही. त्यामुळे चॅनलचा एक आणि आवाजाचा दुसरा. पहिले दोन आठवडे आईंची फार चिडचिड झाली, आणि त्यांचं चुकत नव्हतं. शेवटी आवाजाच्या रिमोटवर दोन बटणं सोडून बाकी सगळ्यांवर चिकटपट्टी लावली आणि त्या दोन बटणांना त्याच लाल नेलपॉलिशचे ठिपके दिले. आता त्या न बघता दाबतात. पण आज नव्याने घ्यायचं असतं तर एचडीएमआय एआरसी (टीव्हीचा आवाज एचडीएमआयच्याच वायरीतून बाहेर नेणारी सोय, म्हणजे टीव्हीच्या रिमोटनेच आवाज कमी-जास्त होतो) असलेलाच ॲम्प्लिफायर घेतला असता, थोडे पैसे जास्त गेले तरी. एआरसी २००९पासून आहे, बहुतेक टीव्हींना एखाद्या एचडीएमआयच्या भोकाशेजारी ती तीन अक्षरं लिहिलेली असतात. आमच्या टीव्हीलाही आहेत. ती अक्षरं मी वायर जोडून झाल्यावर पाहिली.

आई अजूनही विचारतात, "काय म्हणाला?" पण आठवड्यातून एखाद्या वेळी, आणि तेव्हा बहुधा तो नटच पुटपुटलेला असतो. फाटकाशी उभं राहिलं तर कोणती मालिका चालू आहे ते आता कळत नाही.

गेल्या महिन्यात नाशिकरोडची नणंद हेच सगळं विचारत होती. तिच्याकडे जुने स्पीकर नाहीत, भिंत अरुंद, दोन खोकी ठेवायला जागाच नाही. आम्ही दोघी एमजी रोडला गेलो, मोबाइलवर मराठी बातम्या लावल्या आणि प्रत्येक साउंडबार अगदी कमी आवाजात ऐकायला मागितला. दुकानदार आधी गाणं लावायला बघत होता, पण आम्ही बातम्यांवरच अडून बसलो. सबवूफरवाले दोन बार बाजूला ठेवून तिने संवादांसाठी मधला स्पीकर वेगळा असलेला, एआरसीवाला साधा बार घेतला. तो वापरून पंधरा दिवसच झालेत, त्यामुळे त्याबद्दल आत्ता लिहीत नाही.