रेडिएटर बदलले, गरम पाणी बंद न करता : एका हिवाळ्यानंतरचा अनुभव

इंग्लंडमधल्या लेस्टरमधलं आमचं घर सत्तरच्या दशकातलं, आणि बॉयलरच्या गरम पाण्याने खोल्या तापवणारे भिंतीवरचे रेडिएटरही त्याच वयाचे. ऐन जानेवारीत मागच्या खोलीतला एक खालच्या शिवणीतून झिरपायला लागला. आज हा, उद्या दुसरा, म्हणून सगळेच बदलायचं ठरवलं. पहिल्या कंपनीच्या कोटेशनमध्ये एक ओळ होती : काम संपेपर्यंत हीटिंग आणि गरम पाणी दोन्ही बंद. हीटिंगचं समजू शकतो, दोन स्वेटर चढवू. पण साताऱ्याहून आई आली होती, आणि आंघोळ झाल्याशिवाय ती चहाचा घोटही घेत नाही. पाणी का बंद, असं विचारलं तर "आमची हीच पद्धत आहे. हवं तर हॉटेलात राहा." हॉटेलचे पैसे कोण देणार, यावर मात्र शांतता.

दुसरा प्लंबर एकटाच काम करणारा. आल्या आल्या त्याने बॉयलरखाली डोकं घातलं. आमचा कॉम्बी बॉयलर आहे, म्हणजे पाण्याची टाकी नाही. नळ उघडला की तेवढंच पाणी तापतं. अशा वेळी आतला डायव्हर्टर व्हॉल्व्ह रेडिएटरची वाट बंद करतो आणि बॉयलरमधलं पाणी आतल्या आत प्लेट हीट एक्स्चेंजरमधून, म्हणजे आपली उष्णता नळाच्या पाण्याला देणाऱ्या भागातून, फिरतं. रेडिएटर त्या फेऱ्यात नसतातच. त्यामुळे बॉयलरखालचे हीटिंगचे दोन व्हॉल्व्ह, जाणारा आणि येणारा, घट्ट बंद केले की घरभरचं पाणी काढून टाका, नळाला गरम पाणी येत राहतं. एवढंच! आणि यासाठी हॉटेल?

अट एकच, व्हॉल्व्ह खरोखर बंद झाले पाहिजेत. जुने असले की झिरपतात, मग बॉयलरमधला दाब उतरतो आणि बॉयलर लॉक होतो, म्हणजे आपोआप बंद पडतो. प्लंबरने आधी पाणी काढून बराच वेळ दाबाच्या काट्यावर नजर ठेवली. काटा हलला नाही, तेव्हाच पहिला रेडिएटर भिंतीवरून उतरवला. थर्मोस्टॅटवरून हीटिंगही बंद करायला लावलं, नाहीतर बॉयलर बंद पाइपांवर उगाच धडका मारतो. ज्यांच्याकडे सिलिंडर, म्हणजे गरम पाण्याची टाकी, आहे त्यांना तर हेही नको. टाकीतल्या 3 किलोवॉटच्या इमर्शनवर, म्हणजे विजेच्या हीटरवर, 150 लिटर पाणी साधारण तीन तासांत 10 वरून 60 अंशांवर जातं. वीज महाग आहे, पण हॉटेलपेक्षा नाही.

पाइपांनी मात्र छळलं. जुने रेडिएटर इंचांत, नवे मिलिमीटरमध्ये. रुंदी जुळेना, त्यात नव्यांचं डबल पॅनेल, म्हणजे एकामागे एक दोन पत्रे, भिंतीपासून जास्त पुढे येतं. प्रत्येक ठिकाणी जोडतुकडे. आतून निघालेलं पाणी काळं शाईसारखं. कार्पेटवर सांडू नये म्हणून आईने आपली परात दिली आणि नंतर ती परत घ्यायला साफ नकार दिला. पाणी पुन्हा भरताना इनहिबिटर, म्हणजे गंज रोखणारं रसायन, घालून घ्या आणि परतीच्या पाइपवर गंजाचा गाळ पकडणारा मॅग्नेटिक फिल्टर बसवा. बीएस 7593 या ब्रिटिश मानकाच्या 2019 च्या आवृत्तीतही हेच आहे. इथे काटकसर नको, हे मी म्हणतोय म्हणजे बघा.

आता रेडिएटर. पहिल्या महिन्यात माझं मत होतं, फसलो. हात लावला तर कोमट. बॉक्सवर मोठ्या दिमाखात लिहिलेले 1700 वॉट पाणी आणि खोली यांच्यात 50 अंशांचा फरक धरून असतात. मी बॉयलर 55 वर ठेवला होता, पाणी 45 ने परत येत होतं; सरासरी 50, खोली 20. फरक 30 चा, म्हणजे उष्णता जेमतेम अर्धी. पण पॅनेल दुप्पट असल्यामुळे खोली हळूहळू का होईना, तापते आणि तशीच राहते. परतीचं पाणी 55 च्या खाली राहिलं तरच कंडेन्सिंग बॉयलर धुरातली उष्णता नीट परत मिळवतो. गॅसचं बिल आलं तेव्हा तक्रार मागे घेतली. नळाच्या पाण्याचं तापमान वेगळ्या बटणावर आहे, त्यामुळे आईच्या बादलीला धक्का नाही.

आणि ती जाळी! नव्या रेडिएटरच्या वरची पत्र्याची जाळी चार क्लिपांवर बसते, त्यातली एक पहिल्याच साफसफाईत तुटली. तेव्हापासून हीटिंग सुरू झालं की ती खडखडते, रस्त्यावरून बस गेली तरी खडखडते. तिच्या फटींतून आत्तापर्यंत हेअरपिना, पेन्सिली आणि आईची एक बांगडी आत गेली. जुन्या सपाट रेडिएटरमध्ये काही पडायचं नाही, खडखडही नव्हती. क्लिप मागितली तर विक्रेता म्हणतो सुटी मिळत नाही, नवीन जाळी घ्या. जाळीची किंमत ऐकून मी हार्डवेअरच्या दुकानातून बारीक तार आणली आणि तीन ठिकाणी बांधली. खडखड कमी झाली, दिसतं मात्र भयंकर. उष्णतेला पाचपैकी साडेचार, जाळीला शून्य. बांगडी अजून आतच आहे.