योकचा गाऊन, कुर्ता-पँट की जुनी साडी? गरोदरपणासाठी घरी काय शिवावं

गरोदरपणात जुने ड्रेस आधी छातीत आणि मुंड्यात (बाही जोडतात त्या गोलाईत) घट्ट होतात, पोटाचा नंबर नंतर लागतो. त्यामुळे नुसता पोटाचा घेर वाढवून भागत नाही. शिवाय हेच कपडे बाळंतपणानंतर पाजतानाही अंगावर असणार. म्हणून कोणताही नमुना निवडताना आधी पाहा, की तो पुढून उघडतो का? उघडत नसेल तर चार महिन्यांसाठी एवढं कापड आणि मेहनत घालू नका.

साध्या पायमशीनवर जमतील असे पर्याय तीन: योकचा (खांद्यापासून छातीपर्यंत वेगळा तुकडा जोडलेला) गाऊन, बटणपट्टीचा ए-लाइन (खाली रुंद होत जाणारा) कुर्ता आणि त्याखाली पँट, किंवा जुन्या सुती साडीचा गाऊन.

योकचा गाऊन

नवशिक्यांना हाच झेपतो. 44 इंच पन्ह्याचं कापड, 50 इंच उंची, छोट्या बाह्या असा हिशोब धरला तर सव्वातीन मीटर पुरतं. योक खांद्यापासून 7 इंचांवर, छातीच्या उभाराच्या वरच संपवा. तो खाली आला की छाती भरल्यावर शिवण नेमकी उभारावर रुतते. चुण्या मध्यभागी घ्या आणि मुंड्याजवळचे 2 इंच सपाट ठेवा, नाहीतर काखेत कापडाचा गोळा होतो.

बहुतेक जणी इथे एक गोष्ट विसरतात. पोटावरून जाताना पुढचं कापड वर ओढलं जातं, म्हणून गाऊन पुढून उचललेला आणि मागे लोंबता दिसतो. पुढचा भाग खालच्या कडेला मध्यावर 2 इंच जास्त लांब कापा आणि बाजूच्या शिवणीकडे जाताना ही वाढ शून्यावर आणा. आठव्या महिन्यात घेर सरळ पडेल. लांबी घोट्याच्या वरच ठेवा. जिना उतरताना पाय अडकायला नको.

पाजण्यासाठी मध्यभागी 14 इंचांची नायलॉनची चेन लावा. आतून सव्वा इंचाची पट्टी जोडून तिचं वरचं टोक चेनवर दुमडा, म्हणजे दाते बाळाच्या गालाला लागत नाहीत. धातूची चेन नकोच.

गाऊनची अडचण तपासणीला जाताना कळते. सोनोग्राफीच्या वेळी तो पूर्ण वर घ्यावा लागतो. तालुक्याच्या गावी एसटीने जायचं असेल, नोकरी असेल, तर कुर्ता बरा.

कुर्ता आणि पँट

कुर्त्याला पावणेतीन मीटर आणि पँटला सव्वादोन मीटर कापड लागतं. कुर्ता छातीच्या मापापेक्षा 6 इंच सैल ठेवा. मुंडा मात्र अर्ध्या इंचापेक्षा जास्त खोल करू नका. सैल व्हावा म्हणून मुंडा खोल केला तर हात वर करताच सगळा कुर्ता पोटावरून वर सरकतो. दंडात मोकळेपणा हवा असेल तर बाही रुंद करा. साइड कट शक्यतो देऊच नका, पोट वाढलं की ते फाकतात. बटणपट्टी 14 इंचांची करा आणि एक बटण बरोबर उभाराच्या रेषेवर लावा, म्हणजे तिथे फट पडत नाही. बाजूच्या शिवणीत दीड इंच माया (पुढे उसवून सैल करायला आत ठेवलेलं जादा कापड) सोडा. ती बाहीच्या शिवणीतही तेवढीच हवी, नाहीतर कुर्ता उसवताना बाही आडवी येते.

खरी कसरत पँटच्या कमरेची. नाडीची सलवार सोपी असली तरी बारीक नाडी पोटाखाली रुतते आणि वळ उठतो. अर्धा इंची इलॅस्टिकही नेफ्यात (नाडी ओवायच्या दुमडीत) गुंडाळलं जातं. पुढच्या भागाची कंबर मध्यावर 3 इंच खाली गोल उतरवा. अशा वळणावर कापड दुमडून नेफा केला की ओढ बसते, म्हणून त्याच आकाराची वेगळी पट्टी कापून जोडा. इलॅस्टिक 1 इंच रुंद, फक्त मागच्या बाजूला, एका शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंत. ते काजांचं, म्हणजे ओळीने काजं असलेलं, असेल तर उत्तम. 4 इंच जास्त घेऊन आतल्या बाजूला बटणावर अडकवा, पोट वाढेल तसं सोडत जाता येतं.

पँटला पूर्ण पोट झाकणारा होजियरीचा (ताणल्या जाणाऱ्या विणीच्या कापडाचा) पट्टा जोडला तर तो आधार देतो, थंडीत बराही वाटतो. पण परभणी-नांदेडकडे पारा चाळिशीच्या पुढे गेल्यावर तिथे घामोळं येतं. शिवाय होजियरीला बॉलपॉइंट सुई आणि झिगझॅग टाका लागतो. सरळ टाका कापड ताणलं की तुटतो. घरी सरळ टाक्याचंच मशीन असेल तर पोटाखालची पँटच शिवा.

जुनी सुती साडी

धुऊन धुऊन मऊ झालेलं आणि आटायचं तेवढं आटलेलं कापड उन्हाळ्यात नव्या कापडापेक्षा सुखाचं असतं. साडेपाच मीटरच्या साडीत एक गाऊन होऊन बाळाची झबली आणि लंगोट निघतात. साडी उजेडासमोर धरून पाहा. निऱ्यांच्या घड्यांवर आणि फॉलच्या कडेला ती विरलेली असते, तो भाग टाळा. योक नव्या सुती कापडाचाच करा, कारण चुण्यांचा सगळा भार तिथे येतो. सिंथेटिक साडी फुकट मिळाली तरी घेऊ नका. ती घाम शोषत नाही आणि चुलीजवळ ठिणगी पडली तर वितळून अंगाला चिकटते.

दिवसभर घरात असाल आणि सातवा-आठवा महिना उन्हाळ्यात येणार असेल तर जुन्या साडीचा गाऊन आधी शिवा. बाहेर जाणं असेल तर कुर्ता-पँट, तीही चौथ्या-पाचव्या महिन्यातच. पुढे पायमशीनवर वाकून तासन् तास बसणं जड जातं.

नवं कापड घेताना गाऊनला केंब्रिक (घट्ट विणीचं हलकं सुती), कुर्त्याला जरा जाड सुती. मलमल थंड असते, पण पारदर्शक. अस्तर लावलं की तिचा गारवा गेलाच. रेयॉन छान पडतं, मात्र ओलं असताना कमजोर होतं, पिळल्यावर शिवणी सरकतात. दुकानदार सुती म्हणाला तरी एक धागा जाळून पाहा. कागदासारखी राख झाली तर सूत किंवा रेयॉन, कडक मणी झाला तर सिंथेटिकचं मिश्रण. कापण्याआधी कापड रात्रभर भिजवून, न पिळता सावलीत वाळवा. केंब्रिकला 14 नंबरची सुई चालते, मलमलीला 11 घ्या, नाहीतर शिवणीच्या कडेने भोकं पडत जातात.